भटू बोरसे यांची हरकत

सरकारी विद्यापीठाने एखादे काम दुसऱ्याला दिले आणि त्यात आपल्यावर अन्याय झाला असे वाटले, तर लहानात लहान पुरवठादारालाही त्याविरुद्ध हरकत घेता येते. ही गोष्ट सुरतेतल्या आमच्या डिंडोलीत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. भटू बोरसे यांनाही नव्हती. ती मी त्यांना सांगितली.

भटू बोरसे मूळचे शिरपूर तालुक्यातले. ऐन तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लागले. लूमच्या आवाजाने डावा कान अधू झाला, तेव्हा ते काम सोडून शिवण शिकले. त्यांच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर आता शिवणयंत्रे चालतात आणि वरच्या मजल्यावर संसार. बाजारातून कापड आणायचे आणि दुपट्टे, ओढण्या, शाली शिवून परत द्यायच्या, असा धंदा. या धंद्यात उरलेले कापड शिवणाऱ्याने ठेवून घ्यावे असा अलिखित रिवाज आहे. भटू बोरसे ते ठेवत नसत. कापलेल्या काठांची जुडी बांधून मालाबरोबर पाठवत, आणि पाठवताना चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “भटू बोरशाच्या घरात दुसऱ्याची चिंधी सापडणार नाही!” आवाज कानामुळे मोठा होता. बढाई मात्र स्वभावातली. तरीही ती खरी असल्यामुळे लोक ऐकून घेत.

धंदा कागदोपत्री त्यांच्या पत्नीच्या, उषाबाईंच्या नावावर आहे, कारण स्त्री-उद्योजकांना निविदांमध्ये काही सवलती मिळतात. त्यामुळे सही उषाबाईंची आणि बोलणे भटू बोरशांचे, अशी घरातली वाटणी होती.

त्या वर्षी विद्यापीठाने पदवीदान समारंभासाठी उपरणी शिवून घेण्याची निविदा काढली. कमुरत्याचे दिवस जवळ आले होते. त्या महिनाभरात लग्ने होत नाहीत, म्हणून दुपट्ट्यांचे काम आटते. कामावरच्या चार बायकांना घरी बसवावे लागेल अशी चिन्हे होती. उपरण्यांचे काम मिळाले असते तर कुणालाच बसवावे लागले नसते, आणि पुढे सरकारी कामांचे दारही उघडले असते. भटू बोरशांनी सगळी आशा त्या एका निविदेवर ठेवली.

निविदेबरोबर नमुन्याचे एक उपरणे सीलबंद द्यायचे होते. त्यावर नाव, चिठ्ठी किंवा कोणतीही खूण असता कामा नये, अशी स्पष्ट अट होती. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्यांना कळू नये, हा तिचा हेतू. विद्यापीठाच्या भांडारात नमुने स्वीकारायला धम्मरत्न हा कारकून बसे. तो आमच्याच मागच्या गल्लीत राहणारा. वडील रेल्वेत होते, भुसावळकडून बदलून आलेले. आई अंजनाबाई अजून त्याच्याकडेच असतात. त्याने भटू बोरशांचे पाकीट हातात घेतले आणि सील करण्याआधी सहज म्हटले, “काका, आत एकदा नीट बघून घ्या, मग सील करू. अट कडक आहे.”

“अरे, तुझ्या जन्माआधीपासून कापड शिवतोय मी. लाव सील!”

हा संवाद मी ऐकला नाही. पुढे तो इतक्या वेळा सांगितला गेला की मला पाठ झाला.

काम दुसऱ्या पुरवठादाराला गेले. यादीत उषाबाईंच्या नावापुढे एवढेच होते : नमुना अटीनुसार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच भटू बोरसे माझ्याकडे आले. मी पाटबंधारे खात्यात कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. निविदांच्या फायलींत आयुष्य गेले, म्हणून असल्या कामांसाठी लोक माझ्याकडे येतात.

“नाना, आपला माल अटीनुसार नाही म्हणे! आपला! एक टाका वाकडा दाखवा म्हणावं.”

“आधी बसा. त्यांनी कारण काय दिले आहे?”

“हेच. अटीनुसार नाही.”

“हे कारण नव्हे, हा निष्कर्ष झाला. कोणती अट मोडली ते लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.”

मी त्यांना क्रम समजावला. प्रथम कारणे मागवायची. ती आल्यावर ठरलेल्या मुदतीत कुलसचिवांकडे हरकत दाखल करायची. हरकतीचा निकाल लागेपर्यंत विद्यापीठ जिंकलेल्या पुरवठादाराशी करार करू शकत नाही. हरकत अपील समितीसमोर जाते, आणि समिती अर्जदाराला समक्ष बोलावून ऐकते. तिथेही समाधान झाले नाही तर उच्च न्यायालय आहे. मुदत थोडी असते, म्हणून राग बाजूला ठेवून आधी अर्ज करावा. भटू बोरशांनी अर्ज केला. राग मात्र त्यांनी बाजूला ठेवला नाही.

कारण लेखी आले : नमुन्यावर ओळख पटेल अशी खूण आढळली.

“खूण? मी कुठली खूण केली? लेबलसुद्धा उसवून काढलं होतं उषाने!” मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. “नाना, तो धम्मरत्न मला म्हणाला होता, पाकीट उघडून बघा. त्याला पाकीट का उघडायचं होतं?”

“बघून घ्या म्हणाला. ते सगळ्यांनाच सांगत असेल.”

“तुम्ही साधे आहात, नाना. माझं पाकीट माझ्यासमोर बंद झालं. मग खूण आली कुठून? मागाहून फोडून कुणीतरी केली. आणि पाकीट होतं कुणाच्या ताब्यात?”

मी विचारले, पुरावा काय? ते म्हणाले, आणखी कसला पुरावा हवा? मी केलेल्या मसुद्यात एवढेच होते की, खूण कोणती ते अर्जदारास दाखवावे आणि ती ओळख पटवणारी आहे का, याचा फेरविचार व्हावा. ‘भांडारातील कर्मचाऱ्याने दुसऱ्या पक्षाशी संगनमत करून नमुन्यात फेरफार केला’ हे वाक्य त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतले. खाली सही उषाबाईंची झाली.

कोपऱ्यावर नितीनची चहाची टपरी आहे. रविवारी सकाळी लूमवाले, कापडमार्केटवाले, सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत जाणारे, सगळे तिथे जमतात. भटू बोरशांनी ते वाक्य तिथेही बोलून दाखवले. ते कागदावरच्यापेक्षा लांबले होते.

“पैसे खाल्ले त्याने! आपल्या गल्लीतला म्हणून विश्वास टाकला, आणि त्यानेच गळा कापला!”

दगा पवार म्हणून एक जुने मुकादम आहेत. ते चहा फुंकत अहिराणीत म्हणाले, “गल्लीतला शे रे, पन आपलामाधला कोठे शे?”

त्या बोलण्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. कुणी दोघे हसले. भटू बोरशांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ते मोठ्या आवाजात आणखी एक चहा मागते झाले.

आरोप लेखी असल्यामुळे विद्यापीठाला कारवाई करणे भाग होते. चौकशी होईपर्यंत धम्मरत्नला भांडारातून काढून परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला बसवले. अंजनाबाई संध्याकाळी कोपऱ्यावर भाजी घ्यायला येत आणि उषाबाईंशी दारातच दोन शब्द बोलून जात. ते बंद झाले.

सुनावणीला अर्जदार म्हणून उषाबाईंना जावे लागणार होते. भटू बोरसे बरोबर होतेच; त्यांनी मलाही घेतले. प्रशासन भवनाच्या पहिल्या मजल्यावरची खोली, एक लांब टेबल, अध्यक्षस्थानी एक वयस्क प्राध्यापिका, शेजारी लेखाधिकारी आणि आणखी एक सदस्य. धम्मरत्न भिंतीलगत उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही.

अध्यक्षाबाईंनी लिफाफा सर्वांसमोर उघडायला लावला. उपरणे बाहेर आले. शिवण खरोखरच नेटकी होती. सदस्याने ते उलटे केले आणि काठाच्या आतल्या बाजूचा कोपरा टेबलावर पसरला. तिथे बोटाएवढा पिवळा ठिपका होता आणि त्याच्या मध्यावर बारीकसा लाल.

“बेन, आ कोणे लगाड्युं?” हे कुणी लावले, असे अध्यक्षाबाईंनी उषाबाईंना विचारले.

मी भटू बोरशांकडे पाहत होतो. ठिपका दिसताक्षणी त्यांनी ओळखला, हे मी शपथेवर सांगू शकेन. त्यांचा हात टेबलाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. उषाबाईंनी तोंड उघडण्यापूर्वी ते उभे राहिले.

“मॅडम, हेच तर आमचं म्हणणं आहे. हे आमचं नाही. हे इथे कुणीतरी केलंय.”

धम्मरत्नने पहिल्यांदा मान वर केली. अध्यक्षाबाई आळीपाळीने नवरा-बायकोकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, जेवणानंतर पुढे चालू करू.

जिन्याच्या वळणावर दोघे थांबले. मी दोन पायऱ्या मागे होतो. भटू बोरशांना स्वतःचा आवाज लहान वाटतो, पण तो लहान नसतो.

“तुम्ही खोटं काबर बोलनात?” उषाबाई म्हणाल्या.

“मी काय खोटं बोलनू?”

“हळद मी लायी. तुम्हले म्हाईत शे.”

उषाबाईंनी मग मला सांगावे तसे सांगितले, पण बोलणे नवऱ्याला उद्देशून होते. त्यांच्या घरातून कुठल्याही कामाचा पहिला नग कोरा जात नाही. काठाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, हळदकुंकवाचे एक बोट लावायचे, मगच तो उंबऱ्याबाहेर काढायचा. सासूने शिकवलेले. मार्केटातल्या शेटांनी कधी तक्रार केली नाही, ते स्वतःच वह्यांवर कुंकू लावतात. ‘खूण नको’ असे सांगितल्यावर उषाबाईंनी लेबल उसवले, काठावरचा खडू पुसला, धाग्याचे टोकसुद्धा कापले. हळदीला खूण म्हणतात, हे त्यांच्या मनात आले नाही. भटू बोरशांच्याही आले नव्हते. टेबलावर पाहीपर्यंत आले नव्हते.

“तू गप बठ,” ते म्हणाले. “काम गयं ते चार बाया घर बठतीन. त्यासना चुली कोन चालाडी?”

“आन् अंजनाबाईना पोऱ्या घर बठी, त्यानं काय?”

“त्याले काय व्हस? सरकारी नोकरी शे त्यानी.”

“तुम्ही सांगा. नही ते मी सांगस.”

जेवण कुणीच केले नाही.

दुपारी पुन्हा बोलावणे झाले. भटू बोरसे उभे राहिले. त्यांनी उपरण्याकडे न पाहता सुरुवात केली. “मॅडम, थोडा गैरसमज झाला असावा...”

“कुणाचा?” अध्यक्षाबाईंनी विचारले.

“म्हणजे... आमच्याकडे एक पद्धत असते...”

“हे तुम्ही लावलं की नाही?”

ते उभेच राहिले. एरवी रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा आवाज त्यांना सापडेना. तेव्हा उषाबाई उठल्या. मोडक्या गुजरातीत, पण एकही शब्द न गाळता त्यांनी सांगितले, की हळद त्यांनी लावली, घरी लावली, पाकिटात घालण्यापूर्वी लावली, आणि भांडारातल्या भाऊंचा त्यात काही संबंध नाही.

अध्यक्षाबाई समजूतदार होत्या. हेतू वाईट नव्हता हे दिसते, असे त्या म्हणाल्या. पण एका नमुन्यावरची खूण चालवून घेतली तर उद्या दुसरा आपली चालवून घ्या म्हणेल. अट सर्वांना सारखी. हरकत फेटाळली गेली.

“आणि हा आरोप?” लेखाधिकाऱ्यांनी अर्जातल्या त्या वाक्यावर बोट ठेवले.

“काढून टाका, साहेब,” भटू बोरसे म्हणाले.

“असा काढता येत नाही. खोटा आरोप केला आणि तो मागे घेते, असं लिहून द्यावं लागेल. अर्जदाराने.”

अर्जदार उषाबाई होत्या. भटू बोरशांनी कागद पुढे ओढला. लेखाधिकाऱ्यांनी तो त्यांच्या हातून घेऊन बाईंसमोर ठेवला. “तुमची सही चालणार नाही, काका. अर्ज बेनच्या नावाचा आहे.” जे वाक्य उषाबाईंनी उच्चारले नव्हते, वाचलेही नव्हते, ते खोटे होते अशी कबुली त्यांनी सावकाश, प्रत्येक अक्षर जोडत, आपल्या नावाने लिहून दिली. भटू बोरसे शेजारी उभे राहून पाहत होते. माणसाची मान खाली जाते म्हणतात. मी त्यांची मान पाहिली आणि खिडकीकडे वळलो.

पुढच्या वर्षीच्या निविदेसाठी उषाबाईंचे नाव अपात्र ठरले. धम्मरत्नला भांडारात परत घेण्याचा आदेश निघाला. कामावरच्या उज्ज्वला आणि आणखी तिघींना कमुरत्यात घरी बसावे लागले. भटू बोरशांनी त्यांना तसे सांगितले तेव्हा कारण मंदीचे दिले.

दोन-चार दिवसांनी ते मला घेऊन मागच्या गल्लीत गेले. दार अंजनाबाईंनी उघडले.

“या ना, बसा. चहा ठेवते,” त्या म्हणाल्या. इतक्या नीट म्हणाल्या की बसणे कठीण झाले.

धम्मरत्न आतून आला. भटू बोरशांनी हात जोडले. “पोरा, चुकलं माझं. माफ कर.”

“इथे कशाला, काका?”

“म्हणजे?”

“माझ्या घरात येऊन मला कुणी काही बोललं नव्हतं. जिथे बोललात तिथे सांगा.” त्याचा आवाज चढला नव्हता. “आई भाजी आणायला जात नाही. तिला माझ्याकडून काही कळलं नाही. टपरीवरूनच कळलं.”

“सही करून दिलीय ना, बाबा. विद्यापीठात.”

“ती काकूंनी दिली.”

अंजनाबाईंनी चहा आणला. तो प्यावाच लागला.

त्या रविवारी नितीनच्या टपरीवर नेहमीची मंडळी होती. भटू बोरशांनी ग्लास बाकावर ठेवला आणि घसा साफ केला. “ऐका रे. ते उपरण्यांचं. धम्मरत्नचा त्यात काही दोष नव्हता. गैरसमज झाला.”

दगा मुकादमांनी डोळा घातला. “मंग कितलामा मिटनं?”

हशा उसळला.

“अरे, मिटलं नाही काही! खरंच गैरसमज...”

“व्हयनाच व्हई! आनि आते पुढला साले उपरनी कोनी शिवानी? तुच ना?” दुसरा कुणी म्हणाला, “भटूआप्पा, आम्हांला तरी सांगा, आधी त्याने खाल्ले, मग तुम्हांला दिले का?” नितीनसुद्धा गाळणी झटकत हसला.

भटू बोरसे हसले नाहीत. त्यांनी पैसे ठेवले आणि घरी गेले. आरोप एका सकाळी सगळ्या डिंडोलीत पसरला होता. तो मागे घेतला तर त्यातूनही लोकांनी नवा आरोपच काढला, आणि डाग धम्मरत्नवर होता तसाच राहिला. उलट त्यात त्यांचा स्वतःचाही वाटा झाला.

आठवडाभर ते यंत्रांपाशी बसून राहिले. उषाबाई मला म्हणाल्या, “नाना, जेवतात, पण ताटाकडे बघत नाहीत.” मी त्यांना सुचवले की आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या सूचनाफलकावर रीतसर निवेदन लावू. त्यांनी मान हलवली. “लोकं वाचणार नाहीत, नाना. वाचली तरी हसतील. मी सगळं सांगितलं नाही, म्हणून हसले.”

पुढच्या रविवारी ते पुन्हा टपरीवर गेले. मी आधीच तिथे होतो. दगा मुकादमांनी जागा करून दिली आणि विचारले, “काय व्हयनं, आज काय जाहीर करतस?”

भटू बोरसे बसले नाहीत. “हळद आमच्या घरातली होती. उषीने लावली होती, पहिल्या नगाला लावते तशी. मला ते तिथेच, टेबलावर कळलं. बघताक्षणी कळलं.” ते थांबले. “कळलं, आणि तरी मी उभं राहून सांगितलं की आमची नाही. समोर ते पोरगं उभं होतं. त्याची नोकरी जाईल, हे माहीत असून सांगितलं. गैरसमज वगैरे काही नव्हता. मी खोटं बोललो. उषी नसती तर आजही बोलत असतो.”

“आणि दगा,” ते म्हणाले, “तू त्या दिवशी म्हणालास, तो आपल्यातला नाही. मी गप्प बसलो. ते मला सोयीचं होतं.”

दगा मुकादमांनी ग्लासातला उरलेला चहा मातीत ओतला आणि उठून गेले. कुणीही हसले नाही. एक-दोघांनी मान फिरवली, काहींनी भटू बोरशांकडे अशा नजरेने पाहिले की ते पुन्हा चिंध्यांची बढाई मारू शकणार नाहीत, हे मला कळले. त्यांनाही कळले असावे.

तेव्हा धम्मरत्न रस्त्याच्या पलीकडे थांबलेला मला दिसला. तो केव्हा आला, किती ऐकले, ठाऊक नाही. तो टपरीवर आला, त्याने चहा मागितला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून प्यायला. भटू बोरशांशी तो बोलला नाही. भटू बोरशांनीही त्याला हाक मारली नाही. ते उघड्या उन्हात, हात दोन्ही बाजूंना सोडून, त्याचा चहा संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.